पुलापलीकडचं दूध

“बाळंतपणाला पुलापलीकडे माझ्याकडे ये. इथे थांबू नकोस,” असं माझ्या मोठ्या नणंदेनं मला पाचव्या महिन्यात बजावलं होतं, आणि मी हसले होते.

वन्संना पलीकडच्या देशात दिलंय. ‘पलीकडचा देश’ म्हटलं की फार लांबचं काहीतरी वाटतं, पण आमच्या गच्चीवरून त्यांच्या गावातले वाळत घातलेले कपडे दिसतात. मध्ये नदी, नदीवर पूल आणि पुलाच्या दोन टोकांना दोन गावं. शेजारच्या सगळ्या देशांनी मिळून संघ केला तेव्हापासून ही दोन गावं एकाच घराच्या दोन खोल्यांसारखी राहिली. पुलावर कोणी कोणाला थांबवत नसे. आमच्या टोकाला तपासणीची जुनी चौकी होती, तिच्यात एका न्हाव्यानं दुकान थाटलं होतं.

दोन्ही गावांनी कामंही वाटून घेतली होती. शेजारणी शेजारणी जसं ठरवतात ना, की शिडी तू घे, ड्रिल मी घेते, तसं. आगीचा बंब आमच्याकडे, पोहायचा तलाव त्यांच्याकडे. वेळेआधी जन्मलेल्या बाळांचा विभाग आमच्या इस्पितळात, आणि त्या बाळांसाठी लागणाऱ्या आईच्या दुधाची पेढी त्यांच्याकडे. ज्या बायकांना जास्त दूध येतं त्या तिथे दूध देतात. ते तपासून, तापवून, गोठवून ठेवतात, आणि ज्या बाळाच्या आईला पुरेसं येत नाही त्याला देतात. दोन्हीकडच्या बायका तिथे दूध द्यायच्या, दोन्हीकडची बाळं ते प्यायची. कोणाला त्यात काही विशेष वाटत नसे.

“निवडणुकीत तुमच्याकडे भाऊ येणार,” वन्सं म्हणाल्या होत्या, “आणि भाऊ आला की पूल अडवणार. मग तू कुठे, मी कुठे?”

“वन्सं, पूल असा अडवता येत नसतो. करार आहेत, समित्या आहेत. संघातून बाहेर पडायचं म्हटलं तरी वर्षानुवर्षं लागतात. मी हे कॉलेजात पोरांना शिकवते.”

“तू शिकवतेस गं. पण भाऊ तुझ्या वर्गात होता का?”

भाऊ म्हणजे आमच्याकडे निवडणुकीला उभा राहिलेला पुढारी. भिंतीभिंतीवर त्याचा हसरा चेहरा, आणि खाली तीनच शब्द: ‘भाऊ आहे ना!’ खोटं कशाला बोलू, हसू छान होतं. वीज गेली? भाऊ आहे ना. मुलाला नोकरी नाही? भाऊ आहे ना. भाऊची मुख्य घोषणा होती, ‘परकं दूध बंद!’ पलीकडचं स्वस्त दूध बाजारात येऊन आमच्या गोठेवाल्यांचं कंबरडं मोडलं होतं, ते काही खोटं नव्हतं. संघाच्या बैठकांमध्ये त्यांचं गाऱ्हाणं कोणी ऐकलं नव्हतं. भाऊनं ऐकलं, आणि ऐकता ऐकता त्यात सगळा संघ, सगळे शेजारी आणि आमचा पूलही ओढून घेतला.

भाऊची दुसरी घोषणा बायकांसाठी होती. ‘यापुढे कुठल्याही सरकारी दारात एकाही बाईला ताटकळावं लागणार नाही. ती भाऊची बहीण आहे!’ या वाक्याला आमच्या गल्लीत शिट्ट्या पडल्या होत्या.

भाऊ निवडून आला. संघातून बाहेर पडायला वर्षं लागतात हे खरंच आहे, अजून ते चाललंय. पण भाऊनं वाट बघितली नाही. न्हाव्याला हलवलं, पुलावर आडवा दांडा टाकला, एक तरुण नाकेदार आणून बसवला आणि चौकीच्या भिंतीवर आदेश डकवला. सामान मागाहून येणार होतं, म्हणून नाकेदार बिचारा न्हाव्याच्याच खुर्चीत बसायचा. ती गोल फिरणारी, मान टेकायला उशी असलेली खुर्ची. मागे हा एवढा मोठा आरसा. कागदपत्र दाखवायला गेलेला माणूस आधी आपला भांग नीट करायचा.

आणि अशात सातवा महिना संपता संपता माझा मुलगा झाला. घाईनं. बापावर गेलाय.

माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. अडकलेल्या माणसांशी दाराआडून शांतपणे बोलत राहायची त्याला सवय आहे, त्यामुळे तो कधीच घाबरलेला दिसत नाही, आणि दोघांच्या वाटणीचं मला एकटीला घाबरावं लागतं. ते मी मन लावून करत होते. काचेच्या पेटीत मुलगा होता, माझ्या दोन तळहातांत मावेल एवढा. अंगावर लव, नाकातून नळी, आणि कपाळावर अशा आठ्या की जणू कोणीतरी त्याची झोपमोड केली आहे आणि तो ते विसरणार नाही. मला दूध येत होतं, पण चमचाभर.

“घाबरू नका,” बाळांचे डॉक्टर म्हणाले. “येईल हळूहळू. तोवर पेढीचं आहेच. डब्याची पावडर इतक्या लहान बाळाला मी सहसा देत नाही, आतडी फार नाजूक असतात. पेढीचं दूध मिळालं की मला झोप लागते.”

“आणि नाही मिळालं तर?”

“का नाही मिळणार?” डॉक्टर म्हणाले. त्यांनी आदेश वाचला नव्हता.

नवरा दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडे दूध आणायला गेला आणि मोकळ्या हातांनी परत आला. दूधपेढीच्या मुख्य बाई त्याच्याबरोबर पुलापर्यंत आल्या होत्या. पन्नाशीच्या, उंच, खणखणीत आवाजाच्या. दोन्ही गावं त्यांना दूधबाईच म्हणतात. बर्फाच्या खोक्यात बाटल्या, खोक्यावर इस्पितळाचं नाव, सगळं नेहमीसारखं. नाकेदारानं खोकं उघडलं आणि म्हणाला, “हे दूध आहे.”

“आईचं दूध आहे,” दूधबाई म्हणाल्या.

“हो, पण दूध आहे. आणि पलीकडून आलंय.”

“अहो, यात तुमच्याकडच्या बायकांचंही आहे! काल सकाळीच तुमच्या गावातून दोन पिशव्या भरून आलं. तेव्हा तुम्हीच दांडा वर केलात.”

“जाताना हरकत नाही. आपलं दूध बाहेर गेलं तर भाऊंना आनंदच आहे. यातलं आपलं किती आणि त्यांचं किती, ते वेगळं करून द्या. आपलं मी सोडतो.”

आता इथे दूधपेढीची रीत सांगायला हवी. एका आईचं दूध दाट असतं, एकीचं पातळ. बाळाला रोज सारखं मिळावं म्हणून चार-पाच जणींचं दूध एका मोठ्या काचेच्या भांड्यात एकत्र करतात, मगच तापवतात. एकदा एकत्र झालं की झालं. दूधबाई नाकेदाराला म्हणाल्या, “पोरा, तुझ्या आईला विचार, वरणात मीठ टाकल्यावर ते वेगळं काढता येतं का.”

नाकेदार ओशाळला, म्हणे. कान लाल झाले. पण खोकं परत गेलं. “सोडलं असतं मी,” तो माझ्या नवऱ्याला हळूच म्हणाला, “पण उद्या कोणी फोटो काढला, ‘भाऊच्या पुलावरून परकं दूध’ म्हणून, की वरचे माझं ऐकणार नाहीत. वरच्यांना माहीत नाही असं नाही. तीनदा विचारलं मी. पण इतक्या मोठ्यांदा बंद म्हटल्यावर, हे सोडून बंद, असं कोण म्हणणार?”

मी हे ऐकलं आणि आधी साठा किती आहे ते विचारलं. मोठ्या सिस्टरनी फ्रीज उघडून दाखवला. दोन-तीन दिवसांपुरत्या बाटल्या होत्या, आणि विभागात माझ्या मुलाशिवाय आणखी दोन बाळं होती. मी पेटीपाशी बसले. मुलाच्या आठ्या तशाच. मी मनात म्हटलं, राज्यशास्त्रात एम. ए. केलंस ना बाई, आता त्याचं काहीतरी कर.

म्हणून मी पुलावर गेले. टाके ओढत होते, नवरा ‘अगं हळू, अगं हळू’ करत मागे. चौकीच्या भिंतीवरचा आदेश मी उभ्यानं दोनदा वाचला. नाकेदार खुर्चीतून उठून अदबीनं बाजूला उभा राहिला. बाटली, डबा, पिशवी, टाकी वा अन्य कुठल्याही भांड्यातून आणलेलं दूध बंद. भुकटी बंद. दही, लोणी, चीज बंद. आदेश चांगला सविस्तर लिहिलेला होता. लिहिणाऱ्यानं सगळी भांडी आठवली होती, पण बाई आठवली नव्हती.

मी तिथेच कठड्याला टेकून वन्संना फोन लावला.

“वन्सं, बंदी बाटलीवर आहे. बाईवर नाही.”

वन्सं अशा हसल्या की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. “म्हणजे आम्ही चालत यायचं? भरलेल्या?”

“भरलेल्या या, रिकाम्या जा.”

“अगं, बसच्या जाहिरातीसारखं बोलतेस! थांब, दूधबाईंना गाठते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि नवरा पुलाच्या आमच्या टोकाला उभे होतो. आधी वन्संची शिट्टी ऐकू आली. त्या शाळेत खेळ शिकवतात, शिट्टी गळ्यातून काढायची त्यांना आठवणच राहत नाही. मग धुक्यातून त्या दिसल्या, आणि त्यांच्या मागे बायका. कोणाच्या कडेवर पोर, कोणाच्या पाठीशी, कोणी एकटीच हात हलवत. सगळ्या दूधपेढीच्या नेहमीच्या, रक्त तपासलेल्या. शेवटी दूधबाई एक बाबागाडी ढकलत. बाबागाडीत दुपट्यात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं.

नाकेदार खुर्चीतून उतरला. टोपी घातली. आरशात बघून सरळ केली.

“सोबत दूध आहे का?” त्यानं वन्संना विचारलं. ठरलेला प्रश्न होता.

“माझ्याकडे नाही. माझं वय झालं,” वन्सं म्हणाल्या. “यांच्याकडे आहे.”

“कुठे आहे?”

मागे एक जण फिसकन हसली, आणि ते हसू रांगेतून असं पुढे आलं की कडेवरची पोरंसुद्धा हसायला लागली.

“तपासणीचं टेबल कुठाय साहेब?” एक ठेंगणीठुसकी बाई म्हणाली. “इथेच दाखवू का आत चौकीत?”

“नको! नको!” नाकेदार दोन पावलं मागे सरला. कान आता गाजरासारखे.

“नाही, पण नियम म्हणजे नियम. मोजून घ्या बाई. उद्या म्हणाल, जाताना कमी कसं भरलं.”

“डावीकडचं जाहीर करायचं की दोन्हीकडचं?” दुसरी.

“ए, गप गं, लेकरू आहे ते,” दूधबाईंनी दटावलं, पण त्यांचेही खांदे हलत होते.

नाकेदारानं फोन काढला आणि आमच्याकडे पाठ करून वरच्यांना लावला. पण त्याच्या समोरच आरसा होता, त्यामुळे त्याचं तोंड आम्हाला दिसतच होतं. वरच्यांचा आवाज मोठा, सगळं ऐकू येत होतं.

“रांग आहे का?”

“आहे साहेब.”

“कोणाची?”

“बायकांची.”

“बायकांची? मूर्खा, भाऊंचं वचन विसरलास? एकही बाई ताटकळता कामा नये! कोणी फोटो काढला तर? सोड आधी!”

“पण साहेब, यांच्याकडे दूध...”

“बाटली आहे?”

“नाही.”

“पिशवी? डबा?”

“नाही साहेब.”

“मग आहे कशात?”

नाकेदारानं डोळे मिटून घेतले. “साहेब, ते... मला सांगता येत नाही.”

“मग मला कशाला फोन करतोस!”

दांडा वर गेला. बायका पुढे सरकल्या. बाबागाडीपाशी तो एकदा अडखळला. “यात काय?”

“भांडं. पाणी गरम करायचं,” दूधबाई म्हणाल्या.

“बाबागाडीत?”

“मग या वयात डोक्यावर नेऊ?”

तो बाजूला झाला. मी शेवटी होते. मी जवळून जाताना त्यानं खालच्या आवाजात विचारलं, “बाळाचं वजन किती आहे?” मी सांगितलं. त्यानं ते मनात कुठेतरी नीट ठेवल्यासारखी मान हलवली. इस्पितळाबाहेरच्या माणसांत हा प्रश्न मला विचारणारा तो पहिलाच. बाकीचे सगळे ‘कोणावर गेलाय’ एवढंच विचारत होते.

मोठ्या सिस्टरनी आम्हाला चादरी ठेवायची खोली उघडून दिली. इस्त्रीच्या वासाच्या त्या खोलीत, चादरींच्या गठ्ठ्यांवर त्या बायका बसल्या. दूध काढायचे पंप घुंघुं करायला लागले. माझ्या आयुष्यात मी इतकी सुंदर घुंघुं ऐकलेली नाही.

“मला गाणं म्हटल्याशिवाय उतरत नाही,” ठेंगणी म्हणाली.

“आणि तुझं गाणं ऐकलं की आमचं आटतं,” तिची शेजारीण म्हणाली. “तू मनात म्हण.”

दूधबाईंनी बाबागाडीतलं दुपटं सोडलं. आत स्टीलचं चौकोनी पात्र, बाजूला तापमान धरून ठेवायची कळ. त्यांनी सगळ्यांचं दूध काचेच्या भांड्यात एकत्र ओतलं. मग माझ्याकडे बघून हात पुढे केला.

“तुझं?”

“माझं चमचाभरच आहे हो.”

“मग चमचाभर दे.”

मी दिलं. ते त्यात पडलं आणि दिसेनासं झालं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा त्या म्हणाल्या, “ते नको हं, ते खारट असतं,” आणि भांडं लांब धरलं. मग बाटल्या भरल्या, कोमट पाण्यात ठेवल्या, कळ फिरवली. तापून, गार करून, इस्पितळाच्या प्रयोगशाळेतून तपासून मुलाच्या नळीतून पहिलं दूध गेलं तेव्हा आम्ही सगळ्या काचेबाहेर एकमेकींवर वाकून उभ्या होतो. तो प्यायला. म्हणजे नळीनं प्यायला. पण कपाळावरची एक आठी गेली. वन्सं म्हणतात, तसं काही झालं नव्हतं, मी कल्पना केली. त्यांच्याकडे तेव्हा चष्मा नव्हता.

मग रोज सकाळी बायका यायच्या. पूल, चौकी, दांडा वर. नाकेदार आता प्रश्न विचारायचा नाही, फक्त ‘या’ म्हणायचा. वन्संचं आणि त्याचं तर खास जमलं. “काय रे, जेवलास का?” “जेवलो ताई.” “काय जेवलास?” “ते... बिस्किटं.” “बिस्किटं खाऊन सरहद्द सांभाळतोय हा!” मग त्या डब्यातून काहीतरी काढून द्यायच्या. खाण्याच्या डब्याला बंदी नव्हती, मी वाचलं होतं.

मुलाचं वजन वाढायला लागलं. रोज सकाळी काट्यावर ठेवला की मी श्वास धरायची, सिस्टर आकडा सांगायच्या, आणि वन्सं शिट्टी वाजवायच्या. दोनदा त्यांना विभागाबाहेर काढलं. मलाही दूध यायला लागलं. आधी दोन चमचे, मग वाटीभर, मग एक दिवस असं की माझ्या मुलाला पुरून भांड्यात ओतायला उरलं.

अशात कोणीतरी पुलावर फोटो काढला. बायका हसताहेत, नाकेदार दांडा धरून हसतोय. भाऊच्या माणसांनी खाली लिहिलं: ‘ही आपली सरहद्द की जत्रा?’

दोन दिवसांनी दुपारी विभागाच्या दारात साध्या कपड्यांत एक मुलगा येऊन उभा राहिला. हातांचं काय करावं ते त्याला कळत नव्हतं, म्हणून दोन्ही खिशात. वर्दी नसल्यामुळे मी आधी कान ओळखले.

“आत येऊ का? नाही, नकोच. इथूनच सांगतो,” तो म्हणाला. “आज नवा आदेश आलाय. ते भांडं दूध तापवायचं आहे हे वरच्यांना कळलंय. आता ते भांडंही बंद. उद्यापासून पुलावर दिसलं की मला जप्त करायचंय.”

दूधबाई बाहेर आल्या. त्या रोज संध्याकाळी भांडं बाबागाडीत घालून परत न्यायच्या, कारण पेढीची वस्तू पेढीत असावी असा त्यांचा कडक शिरस्ता.

“मग काय करायचं म्हणतोस?” त्या म्हणाल्या.

“मला दिसलं तर मी जप्त करणार. करावंच लागेल.” तो जमिनीकडे बघत होता. “म्हणून दिसू नये. आज रात्री नाही, उद्या नाही, कधीच नाही. आजवर बघितलं ते मी भांडं म्हणून बघितलं. यापुढे बघितलंच नाही तर मला काय जप्त करता येणार?”

“अरे, पण पेढीचं आहे ते.”

“तुमच्याकडे दुसरं आहे ना? मोठं?”

“आहे. हे जुनं आहे. सुटं.” दूधबाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग आत कोपऱ्यातल्या त्या चौकोनी पात्राकडे. “राहू दे मग इथेच,” त्या म्हणाल्या. “माहेरपणाला आलंय म्हणू.”

“पण हे तू येऊन सांगितलंस ते कोणाला कळलं तर?” मी विचारलं. मला नको ते आधी दिसतं. “सांगितलं नसतंस तरी चाललं असतं. उद्या जप्त केलं असतंस, वरचे खूश झाले असते.”

“हो,” तो म्हणाला. मग काचेकडे बघितलं. “कोणता तुमचा?”

मी दाखवला. तो वाकून बघत राहिला. मुलानं नेमकी तेव्हा जांभई दिली, तोंडभरून, सगळं जग कंटाळवाणं असल्यासारखी. नाकेदाराला इतकं हसू आलं की त्यानं तोंडावर हात दाबला.

भांडं राहिलं. मोठ्या सिस्टरनी चादरींची खोली कायमची दिली. पलीकडच्या बायका आपल्या त्या रिकाम्या हातांनी येत राहिल्या, कारण भाऊचं वचन भाऊला मोडता येईना. आणि आमच्या गावातल्या ज्या बायका पूर्वी दूध द्यायला पलीकडे जायच्या, त्या आता इथेच येऊ लागल्या. दूधबाईंनी आमच्या सिस्टरना सगळं शिकवलं. मुलगा पेटीतून बाहेर आला, मग माझ्या छातीशी आला, मग घरी आला. घरी आल्यावर त्यानं पहिल्यांदा बापाच्या नव्या शर्टवर सगळं दूध काढलं. “आता वेगळं कर बरं,” वन्सं नवऱ्याला म्हणाल्या, “यातलं आपलं किती आणि त्यांचं किती!”

आणि मग भाऊ आला. खरोखरचा, फोटोतल्याच हसण्यासकट. कोणीतरी त्याला सांगितलं होतं की सरहद्दीवरच्या गावानं परक्या पेढीवर विसंबायचं सोडून स्वतःची दूधपेढी उभारली आहे. चादरींच्या खोलीला रिबन बांधली. त्या जुन्या चौकोनी भांड्याला, खरं सांगते, हार घातला. भाऊ म्हणाला, “हे आपल्या मातीचं, आपल्या मातांचं दूध!” समोर बायका बसल्या होत्या, त्यातल्या निम्म्या पलीकडच्या. सगळ्यात मोठ्या टाळ्या त्यांच्याच.

“वाजवा गं वाजवा,” दूधबाई पुटपुटल्या. “आता हे बंद करायची कोणाची हिंमत नाही.”

मुलगा माझ्या मांडीवर होता. भाऊनं त्याला उचलून घेतलं, फोटो काढला. मुलानं भाऊच्या नाकाला धरलं आणि सोडेना. तोही फोटो निघाला. तो मी घरी लावलाय.

म्हणजे सगळं छान झालं असं समजू नका. पुलावर दांडा आहेच. वन्संना आमच्याकडे यायचं तर अजून कागद दाखवावा लागतो, आणि संघाच्या बैठकीला आमची खुर्ची रिकामी असते. पलीकडे आता निवडणुकीला एक ‘मावशी’ उभी आहे. ती विचारतेय, ‘आमच्या बायकांचं दूध बाहेर का जातं?’ वन्सं म्हणतात तिचंही हसू छान आहे. मी यावेळी हसले नाही. दूधबाईंना विचारून दोन्ही पेढ्यांमध्ये भरपूर साठा करून ठेवायला लावलाय.

पण मी हे लिहायला बसले ते त्यासाठी नाही. समारंभानंतर चौकशी झाली. भांडं आता अभिमानाचं होतं, त्याला हार होता. पण ते पुलावरून आलं कसं, हे कोणाच्या तरी डोक्यावर टाकायचं होतं. ज्यानं येऊ दिलं त्याची बदली झाली. देशाच्या दुसऱ्या टोकाला, जिथे तिसऱ्या शेजाऱ्याची हद्द लागते त्या उंच खिंडीतल्या नाक्यावर. वन्सं त्याला निरोप द्यायला गेल्या आणि रडल्या, आणि कोणी बघितलं तर म्हणून वर शिट्टी वाजवली. जाताना तो मला म्हणाला, “वजन कळवत राहा.” मी कळवत राहिले. तो उत्तर द्यायचा, ‘वा!’ नाहीतर ‘अरे बापरे, मग उचलता का कसं?’ वर फोन लागत नाही फारसा, खाली उतरावं लागतं, असं म्हणाला होता. त्याला मागेपुढे कोणी नाही, तेही एकदा वन्संच्या डब्यातलं खाताना बोलून गेला होता.

गेले काही आठवडे त्याचं उत्तर नाही. नवरा म्हणतो, अगं, बर्फ पडलं असेल, टॉवर बंद असेल. असेलही. मी काळजी करणारी बाई आहे, माझं काम मी करतेच. पण तुमच्यापैकी कोणी त्या खिंडीतून जाणार असेल, मालाची गाडी घेऊन, फिरायला, कशालाही, तर नाक्यावर गाडी थांबवा. ते नाही थांबवणार, तिथे रहदारी कमी आहे, तुम्हीच थांबवा. बाहेर आलेल्या कानांचा, तिशीच्या आतला मुलगा आहे. लाजतो, त्यामुळे स्वतःहून बोलणार नाही. त्याला विचारा, जेवलास का. बिस्किटं म्हणाला तर गाडीत असेल ते काढून द्या. आणि परत आल्यावर मला सांगा, तो बरा आहे का.